चांदणी वर जात नव्हती तो नोव्हेंबर

आलाच परत. सकाळी बाल्कनीचं दार उघडलं आणि समोरचा टॉवर गायब! काल संध्याकाळपर्यंत होता यार, चौदा मजले, मजल्यामजल्यावर वाळत घातलेल्या चादरी, आणि आज तिथे नुसता पिवळट करडा पडदा. घशात ती ओळखीची चव, काडेपेटीची जळकी काडी चाटल्यासारखी. मी दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला, हवेचा प्युरिफायर चालू केला. त्याचा दिवा लाल झाला आणि लालच राहिला. आमच्या गाझियाबादला नोव्हेंबर असाच येतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं दिल्लीकडची थंडी म्हणजे तीळगुळाची गजक, मटार सोलणं, गच्चीवर ऊन खात बसणं. ते असतं, बिल्कुल असतं, पण नंतर. आधी हे असतं. आणि ह्याला मराठीत काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी एकदा आईला विचारलं. आई पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची, त्यामुळे घरात कुठलाही शब्द अडला की तिच्यापुढे न्यायचा.

"धुरकं," आई म्हणाली. "धूर आणि धुकं मिळून धुरकं."

पप्पा सोफ्यावरून म्हणाले, "नाव काहीही ठेवा बाई. खोकला तोच."

आम्ही हसलो. पप्पाही हसले, आणि मग हसता हसता खोकत राहिले, खूप वेळ. तेव्हा आम्ही हसणं कुठे थांबवलं ते मला नीट आठवतं.

पप्पांबद्दल सांगते. नगरकडचे. विशीत सरकारी नोकरी लागली म्हणून दिल्लीला आले ते इथलेच झाले. एका मंत्रालयात स्टेनो, मग साहेबांचे प्रायव्हेट सेक्रेटरी, मग रिटायर. माझं सगळं लहानपण सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. आता ती क्वार्टर्स पाडली, तिथे पत्रे ठोकलेत आणि क्रेन उभ्या आहेत. पण डोळे मिटले की मला जिना दिसतो, पिवळा रंग दिसतो, आणि नाताळात गच्चीच्या कठड्याला पप्पांनी बांबूवर टांगलेली कागदी चांदणी दिसते. खालच्या मार्केटातून कपड्यांच्या पिशव्या घेऊन जाणारी माणसं मान वर करून बघायची.

पप्पा उपासनेत गायचे. महिन्यातून एकदा दिल्लीतली आम्ही मराठी ख्रिस्ती घरं एका चर्चमध्ये जमतो, तिथल्या गायनमंडळात पप्पांचा आवाज सगळ्यात खालचा, तळघरातून आल्यासारखा. नाताळच्या उपासनेतल्या शेवटच्या गीताचा शेवटचा सूर ते धरून ठेवायचे. बाकीचे एकेक करून गळायचे, पेटी थांबायची, आणि पप्पा एकटेच! आम्ही पोरं बाकाखाली बोटं मोजायचो. एकदा दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा मी शेजारच्या एस्तेरची बोटं घेतली होती.

आणि पप्पांची दुसरी गोष्ट म्हणजे फाईल. त्यांचं म्हणणं असं की तोंडाने माणूस काहीही बोलतो, शिष्टाचार म्हणून बोलतो, पण कागदावर लिहिलं की खोटं लिहायचं नाही. फ्रिजवर एक पॅड लावलेलं होतं. आईने त्यावर लिहायचं, 'गॅस नोंदवा'. खाली पप्पा लिहिणार, 'सीन', म्हणजे पाहिलं, मग बारीक सही आणि तारीख. ज्याच्यासाठी लिहिलंय त्याने 'सीन' म्हणून सही केल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही म्हणे. आई वैतागायची.

"मग भाजी कशी झालीये तेही फाईलवरच कळवा!"

"मस्त झालीये की," पप्पा म्हणाले, दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पॅडवर सापडलं: 'मीठ कमी. माहितीसाठी सादर.'

हे सगळं मी इतक्या घाईने का सांगतेय ते मला माहितीये. पुढचं सांगायला लागू नये म्हणून.

तर दोन नोव्हेंबर मागे, म्हणजे दोन वर्षांपूर्वी. पप्पांची फुप्फुसं आधीच कमजोर होती, आणि त्या वर्षी हवा दिवाळीच्या आधीच बिघडली. डॉक्टरांनी ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं दिलं. नळीतून श्वास ओढायचा, मग एक, दोन, तीन निळे गोळे वर चढतात. सकाळ-संध्याकाळ करायचं. आणि डॉक्टर माझ्याकडे बघून, अगदी हळू, म्हणाले, "दुसरा गोळा वर जाणं बंद झालं की वाट बघू नका. त्याच दिवशी घेऊन या."

पप्पांनी विचारलं, "नाताळला गाता येईल ना?"

"व्यायाम करा, बघू," डॉक्टर म्हणाले.

पप्पांना ते खेळणं अजिबात आवडलं नाही. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणून टेबलावर ठेवून दिलं. आणि तिथे मला आयडिया आली! इतकी भारी आयडिया की मेट्रोत उभ्या उभ्या मी फोनवर सगळं टाइप करून काढलं आणि माझं स्टेशन मागे गेलं.

मी नोएडात एका छोट्या कंपनीत गेम बनवते. मॉलमध्ये लहान मुलं नाणं टाकून खेळतात ना, तसल्या मशिनी. त्यांच्या पोटात तळहाताएवढा बोर्ड असतो आणि त्या बोर्डातच गेम चालवणारं इंजिन बसवलेलं असतं. एक जुना बोर्ड ऑफिसमध्ये पडून होता, तो मी मागून आणला. फुंकणीसारखी एक नळी केली, त्यात छोटा माइक. आणि स्क्रीनवर आमचं सरोजिनी नगरचं क्वार्टर काढलं. पिवळा रंग, जिना, गच्ची, सगळं. दाराशी कागदी चांदणी. नळीत फुंकलं की चांदणी वर चढणार, श्वास लांब टिकला तर गच्चीपर्यंत, तुटला की परत खाली. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "फुंकण्याचा व्यायामही चांगला. पण गोळे सोडू नका."

मी पुढचं वाक्य ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं.

आता थोडं इंजिनाबद्दल, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. त्याच्याशी बोलायच्या दोन पद्धती. एक, सगळ्या सूचना एका फाईलमध्ये लिहायच्या आणि फाईल त्याच्या हवाली करायची. ते वरून खालपर्यंत धडाधड करत जातं, कुणाचं ऐकत नाही. ह्याला स्क्रिप्ट चालवणं म्हणतात. दुसरी, समोर बसून एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं. ते तेवढंच करून दाखवतं आणि पुढच्या ओळीची वाट बघतं. हा इंटरॅक्टिव्ह मोड. मला हाच आवडतो. कुणीतरी समोर बसून 'अच्छा, मग?' म्हणतंय असं वाटतं.

पहिल्या शनिवारी पप्पांना सोफ्यावर बसवलं, टीव्हीला बोर्ड जोडला, फाईल चालवली. क्वार्टर दिसलं. पप्पा म्हणाले, "अरे!" आणि स्क्रीन काळी.

"हे काय, लाइट गेली?"

"नाही पप्पा, थांबा, एक मिनिट!"

फाईल संपली की इंजिनाला वाटायचं काम झालं, आणि ते सगळं आवरून निघून जायचं. सोपी चूक होती. सुरू करताना त्याला एक शब्द जास्त सांगायचा, की फाईल संपली तरी जाऊ नकोस, बसून राहा. तेवढं केलं आणि क्वार्टर स्क्रीनवर टिकलं. फक्त खाली एक रिकामी ओळ राहिली आणि तिच्यावर कर्सर लुकलुकत राहिला.

"हे काय मागतंय?" पप्पांनी विचारलं.

"काही नाही हो. तुम्ही काहीतरी लिहाल म्हणून वाट बघतंय."

"वाट बघत असेल तर उत्तर द्यायला हवं."

"द्या की! पण त्याला कळणार नाही, ते एरर देईल."

"साहेबांचंही तसंच होतं," पप्पा म्हणाले आणि कीबोर्ड मांडीवर ओढून घेतला.

त्यांची बोटं काय चालायची कीबोर्डवर! मी फास्ट टाइप करते असं सगळे म्हणतात, पण मी चुका करत करत फास्ट. पप्पा एकही चूक न करता. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. माझं लक्ष चांदणीकडे होतं. त्या दिवशी चांदणी गच्चीला लागली आणि आईने स्वयंपाकघरातून येऊन टाळ्या वाजवल्या. निळे गोळे मी स्वतः उचलून कपाटात ठेवले. टेबल रिकामं दिसावं म्हणून.

मग साधारण आठवड्याने चांदणी अडकायला लागली. पप्पा फुंकायचे आणि ती पहिल्या मजल्याच्या खिडकीशी थबकून खाली यायची.

"तुझं मशीन बिघडलंय बघ," पप्पा म्हणाले.

मी लगेच बसले. सगळी फाईल बंद केली आणि एकेक ओळ हाताने टाइप करून बघितली, शेवटी नळीत फुंकलं. चांदणी झर्रकन वर! परत फाईल चालवली, पप्पांना नळी दिली. खिडकीशी अडकली. परत हाताने. वर. परत फाईल. अडकली.

सांगू का, असा बग मिळाला की आम्हा लोकांना आनंद होतो. खरंच. हाताने चालतं आणि फाईलमध्ये चालत नाही, म्हणजे दोन्हींच्या मधे कुठेतरी काहीतरी आहे. मला वाटलं वेळेचा घोळ. हाताने टाइप करताना दोन ओळींमधे वेळ जातो, तेवढ्यात माइक जागा होत असेल, फाईल मात्र श्वास न घेता धावते. म्हणून मी मधे मधे थांबे घातले. थोडा फरक पडला असं वाटलं. मग पडला नाही. मग मी तो आकडा कमी केला. श्वास किती जोराचा असला की चांदणी हलेल, तो किमान आकडा. आधी चाळीस होता. तीस केला. चांदणी गच्चीला लागली!

"झालं पप्पा! फिक्स!"

"शाबास रूथी," पप्पा म्हणाले. कपाळावर घाम होता त्यांच्या. हीटर जास्त आहे असं मला वाटलं आणि मी तो बंद केला.

चार दिवसांनी परत अडकली. मी बावीस केला. मग पंधरा. ऑफिसला जाताना मेट्रोत, परत येताना मेट्रोत, जेवताना, डोक्यात तेच. खिडक्यांबाहेर सूर्य केशरी टिकलीसारखा, त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. आई फोनवर मावशीला सांगायची, "ह्यांचा व्यायाम छान चाललाय, रोज चांदणी गच्चीपर्यंत नेतात." आईने ते माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं होतं.

तीन आठवडे. तीन आठवडे मी बग काढत होते.

ऑफिसात माझ्या शेजारी नवजोत बसते. वयाने माझ्याएवढीच, पण अनुभवाने आजीबाई. दुपारी आम्ही दोघी खाली चहाला गेलो, मास्क हनुवटीवर ओढून, आणि मी तिला सगळं धडाधड सांगितलं. थांबे, आकडा, हाताने चालतं, फाईलमध्ये नाही.

तिने बिस्किट बुडवलं. "अच्छा, एक बात बता. लाइन-बाय-लाइन वाले में फूँक कौन मारता है?"

"मैं. और कौन?"

"और फाइल वाले में?"

मी कप खाली ठेवला.

"यार," नवजोत म्हणाली, तिचं बिस्किट कपात पडलं होतं आणि ती ते काढत नव्हती. "तूने दो चीज़ें एक साथ बदल दीं."

आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या दिवशी शिकवतात. मीच नव्या मुलांना शिकवते.

मी अर्धा दिवस टाकून घरी आले. आई बाजारात गेली होती. पप्पा सोफ्यावर, अंगावर शाल, डोळे मिटलेले. मी बोर्ड लावला. आकडा परत चाळीस केला. सगळे थांबे काढून टाकले, पहिल्या दिवशी होती तशी फाईल. ती चालवली. आणि नळीत मी स्वतः फुंकलं.

चांदणी गच्चीला लागली. एका दमात, वर जाऊन तिथेच थरथरत राहिली.

आणि मी ओरडले, "चाललं!"

ह्यासाठी मला कधीच स्वतःला माफ करता येणार नाही. क्षणभरच. पण त्या क्षणात मला खराखुरा आनंद झाला होता, प्रोग्रॅम चालला म्हणून होतो तसा. मग माझ्या तोंडातला नळीचा प्लास्टिकचा वास मला आला.

पप्पांनी डोळे उघडले होते. ते स्क्रीनकडे बघत होते, मग माझ्याकडे.

"बघ," ते म्हणाले. एवढं बोलून थांबले, श्वास घेतला. "म्हटलं होतं ना. मशीनच बिघडलं होतं."

मी कपाट उघडून निळ्या गोळ्यांचं खेळणं काढलं. त्याच्यावर धूळ होती. पप्पांच्या हातात दिलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. पहिला गोळा हलला, अर्ध्यावर आला, पडला. दुसरा आणि तिसरा जागचे हललेच नाहीत.

त्याच संध्याकाळी ॲडमिट केलं. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "तीन आठवडे." त्यांनी लिहून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं.

नाताळच्या उपासनेला पप्पा आले. डॉक्टरांकडून दोन तासांची सुट्टी घेऊन, लहान सिलिंडर घेऊन, गायनमंडळाच्या शेवटच्या रांगेत खुर्चीवर. नाकात नळी आणि गळ्यात आईने विणलेला मफलर. शेवटचं गीत आलं, शेवटचा सूर आला. पप्पांचं तोंड उघडं होतं. माझी बोटं सवयीने बाकाखाली मोजायला लागली. मला त्यांचा आवाज ऐकू येत नव्हता, पण तोंड मिटत नव्हतं तोवर मी मोजत राहिले. तीन. मग ते मिटलं. पेटी वाजवणाऱ्या काकांनी पुढे मुद्दाम सूर लांबवला, कुणाला कळू नये म्हणून. सगळ्यांना कळलं.

पप्पा फेब्रुवारीत गेले. तोपर्यंत आकाश निळंशार झालं होतं. प्युरिफायरचा दिवा हिरवा होता.

गेल्या नोव्हेंबरात मी बोर्डाचा डबा उघडला नाही. ह्या वेळी आज दुपारी उघडला. का ते माहीत नाही. बाहेर काही दिसत नव्हतं, आई आतल्या खोलीत वह्या तपासत होती (शेजारच्या दोन मुलींना मराठी शिकवते आता), आणि मला क्वार्टर बघावंसं वाटलं. बस, एवढंच. बोर्ड टीव्हीला जोडला, नळी लावून टेबलावर ठेवली, फाईल चालवली.

इंजिन एक गोष्ट न सांगता करत असतं. त्या रिकाम्या ओळीवर कुणीही काहीही टाइप केलं की ते साठवून ठेवतं, कालची सूचना आज परत लिहायला लागू नये म्हणून. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागच्या ओळी एकेक येत जातात. मी हे रोज वापरते. दिवसातून शंभरदा. आणि तरी माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मी बाण दाबत दाबत पार सुरुवातीला गेले आणि तिथून पुढे वाचत आले. माझ्या ओळी, घाईतल्या, निम्म्या चुकलेल्या. आणि त्यांच्या मधे मधे कॅपिटल अक्षरांत, एकही चूक नसलेल्या इंग्रजी ओळी.

'सीन. स्टार रीच्ड रूफ.'

'सीन. स्टार रीच्ड रूफ. वाइफ प्लीज्ड.'

'सीन. अप टु फर्स्ट फ्लोअर ओन्ली.'

आणि मग: 'मशीन इज इन ऑर्डर. शॉर्टफॉल इज ऑन द पार्ट ऑफ द अंडरसाइन्ड.' मशीन व्यवस्थित आहे. कमी पडतोय तो खाली सही करणारा.

त्याच्या खालची ओळ माझी होती. आकडा चाळीसवरून तीस. म्हणजे मी पहिल्यांदा आकड्याला हात लावायच्या आधी. तोंडाने 'बिघडलंय बघ' म्हणाले त्याच दिवशी, मी चहा ठेवायला उठले असेन तेव्हा.

त्यानंतर बावीस, आणि त्यानंतर एकच ओळ. 'डॉटर होपफुल. मॅटर मे बी केप्ट पेंडिंग टिल ख्रिसमस.'

मुलीला आशा आहे. नाताळपर्यंत प्रकरण तसंच ठेवावं. मला रडू आलं नाही आधी, राग आला. कुणाला सादर केलंत हे पप्पा? ज्याला वाचता येत नाही त्याला? मी तीन हातांवर बसले होते! सोफ्याच्या ह्या टोकाला! एकदा मान वळवून स्क्रीनच्या तळाशी बघितलं असतं तर. पण मला तळाशी बघायचं नव्हतं. मला चांदणी वर गेलेली बघायची होती, आणि ती जाईल एवढा आकडा मी खाली आणत राहिले. ते लिहीत राहिले, मी वाचलं नाही. दोघांनीही मिळून नाताळपर्यंत नेलं.

मी मान वर केली तर चांदणी गच्चीवर होती.

नळी टेबलावर पडली होती, कुणी हातही लावला नव्हता. मला कळायला वेळ लागला. ॲडमिट केलं त्या दिवशी मी फाईल नीट साठवली नव्हती. बोर्डात शेवटचा आकडा राहिला होता तो पंधराचा. प्युरिफायरची हवा टेबलावरून वाहत होती, आणि तेवढ्याने चांदणी वर गेली होती आणि तिथेच टिकून होती. कितीही बोटं मोजली असती तरी.

मी आकडा टाइप केला. चाळीस. एंटर. चांदणी जिन्यावरून हळूहळू खाली आली आणि दाराशी थांबली.

आतून आईने हाक मारली, "रूथी, काय चाललंय गं? चहा ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं.

खाली कर्सर लुकलुकत होता. मी कॅप्स लॉक लावलं आणि, हळू, चूक होऊ न देता, टाइप केलं: 'सीन.' त्यापुढे माझं नाव आणि आजची तारीख. इंजिनाने कळलं नाही म्हणून सांगितलं, आणि पुढच्या ओळीची वाट बघत राहिलं.